दाभाडे नानांचा लाल ठिपका

दाभाडे नानांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. नाना नाव विचारतच नाहीत.

शेंद्र्याला आमची कंपनी आहे, आणि कंपनीची बस सकाळी सिडकोहून निघते. नवा माणूस बसमध्ये चढला की ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून एकच प्रश्न येतो, "गाव?" माणूस बावचळतो. आपलं नाव सांगायला जातो. नाना हात वर करतात. "नाव ऱ्हाऊ द्या. गाव सांगा." माणूस मुकाट्यानं गाव सांगतो, आणि आईबापांनी पेढे वाटून ठेवलेलं त्याचं नाव त्या बसपुरतं तरी तिथंच संपतं.

मी सोयगावची. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत सांगायला लागले होते, की मी कॉम्प्युटर विभागात लागलेय, अमुक शिकलेय, तमुक केलंय. नानांनी सगळं ऐकून घेतलं, मागं वळले आणि जाहीर केलं, "ही सोयगाव. खिडकीला बसू द्या, पयल्यांदा आलीय." झालं! तेव्हापासून मी सोयगाव. "सोयगाव, काच लाव, धूळ यायलीय." "सोयगाव, तुमच्याकडं नळाला पाणी कधी हाय?" माझ्या लग्नात नवऱ्यानं उखाण्यात माझं नाव घेतलं, तेव्हा बसमधून आलेली मंडळी एकमेकांना विचारत होती म्हणे, ही आणखी कोण?

पैठणचे दोघं निघाले, तर एक थोरलं पैठण झाला, एक धाकटं पैठण. धाकटं पैठण वयानं मोठा आहे, पण तो कंपनीत नंतर लागला, त्याला काय इलाज? पंचाईत झाली ती माझ्याच विभागातल्या इरफानची. "नाना, मेरे कू गाँव इच नहीं है. अब्बा शहागंज के, दादा शहागंज के, मैं भी शहागंज का." नाना बेचैन झाले. गाव नसलेलं माणूस त्यांनी बघितलेलंच नव्हतं. दोन दिवस विचार करून त्यांनी निकाल दिला की शहागंज हेच गाव धरायचं. इरफानला आता त्याची आईसुद्धा कधी कधी शहागंज म्हणते.

मुख्य कचेरीतून आलेले सुरक्षेचे पाटणकर साहेब तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागं 'पुणं'. "पुण्याला च्या बिनसाखरंचा द्या," असं नाना कँटीनमध्ये सांगतात.

नानांची दुसरी खोड म्हणजे 'जोडून बसा'. बसमध्ये कोणी कोणाशेजारी बसायचं हे नाना ठरवतात. "चितेगाव, तू आज थोरल्या पैठणपाशी बस. त्याच्या मेव्हण्याचं मिक्सरचं दुकान हाय. तुझ्या घरचं मिक्सर बंद पडलंय ना?" आपल्या घरचा मिक्सर बंद पडल्याचं नानांना कसं कळलं, हे चितेगावला कळत नाही. "तू काल फोनवर बायकोची बोलणी खायला व्हतास, मला ऐकू आलं की," नाना जराही न लाजता सांगतात. अशा जोड्या लावून लावून त्यांनी कुणाला खोली मिळवून दिली, कुणाला जुनी स्कूटी, एकाला तर बायको. मला त्यांचा राग यायचा. सकाळच्या वेळी कानात गाणी लावून डोळे मिटावेत, तर हे म्हणणार, "सोयगाव, तिकडं एकटीच काय बसलीस? जोडून बस." अहो, बसायचंय मला एकटीला! पण ऐकतंय कोण?

सगळ्या बसच्या एवढ्या जोड्या लावणारा माणूस स्वतः मात्र एकटा बसतो. शेजारच्या जागेवर त्यांची डब्याची पिशवी असते.

नानांना बसची एवढी ओढ का, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आमच्या कंपनीत गाड्यांचे भाग रंगवतात, आणि नाना रंगाच्या गोदामाचे प्रमुख आहेत. प्रमुख म्हणजे काय, तर तिथं दुसरं कोणीच नाही. रंग आणि थिनर पेट घ्यायची भीती, म्हणून गोदाम आवाराच्या पार टोकाला, कुंपणाला लागून. दिवसभर डबे आणि नाना. कोणी माल न्यायला आलं तर तेवढीच दोन शब्दांची करमणूक. "डब्याला काय इचारू? गाव?" असं ते स्वतःच म्हणतात. मावशी, म्हणजे नानांच्या बायको, वारल्या. मुलगा आणि सून बंगळूरला. सिडकोतल्या घरात नाना एकटेच. सोमवारी आम्ही सगळे मेल्या तोंडानं बसस्टॉपवर येतो, आणि नाना इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या आधीपासून तिथं उभे असतात.

आता मूळ गोष्टीकडं येते. आमच्याकडं बॉयलरपाशी एकट्यानं काम करणारा एकजण चक्कर येऊन पडला. वाचला बिचारा, पण तो पडलाय हे कळायलाच फार उशीर झाला. मग पाटणकर साहेबांनी हुकूम काढला. प्रत्येकानं सांगायचं, की मला काही झालं तर कंपनीतल्या कोणाला पहिला फोन करायचा. नातेवाईक चालणार नाहीत, इथंच असलेला, धावत येईल असा माणूस पाहिजे. ही सगळी माहिती ग्राफ डेटाबेसमध्ये ठेवायची आणि कंपनीच्या वेबसाइटवर चित्रात दाखवायची, असं ठरलं. आणि ठरलं म्हणजे माझ्या गळ्यात पडलं.

नावाला घाबरू नका. साध्या तक्त्यात माणसं एकाखाली एक उभी असतात, कुणाचा कुणाशी काय संबंध ते शोधत बसावं लागतं. इथं प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, आणि 'मी याला हाक मारीन' हा एक बाण. बाणाला ठिपक्याइतकीच किंमत. वेबसाइटच्या पानावर हे मांडायला लागलं की खरी मजा येते. ठिपके एकमेकांना दूर ढकलतात आणि बाण त्यांना ओढून धरतात. पान उघडलं की सगळे थोडा वेळ हलतात, धक्काबुक्की करतात, मग आपापल्या जागी गप बसतात. ज्याला एकही बाण नाही, त्याला मात्र सगळे ढकलतात आणि धरून ठेवणारं कोणी नसतं. तो सरकत सरकत कडेला जातो, आणि तिथंही थांबला नाही तर पडद्याबाहेर.

मी हे पान तपासत होते तेव्हा नाना जेवणाच्या सुट्टीत फोन चार्ज करायला आमच्या खोलीत आले. हातात भाकरीचा तुकडा. उभ्या उभ्या जेवत पडद्याकडं बघत राहिले.

"हे काय करायलीस?"

मी सांगितलं. त्यांना किती कळलं देव जाणे. पण एकदम पुढं वाकले.

"ह्यो कोण?"

"कोण, नाना?"

"ह्यो गं! कोपऱ्यात जायलाय बग. कामून जायलाय?"

"त्याला बाण नाही. त्यानं कुणाचं नाव दिलं नाही, त्याचं कुणी दिलं नाही. म्हणून बाकीचे ढकलतायत."

"आन् तू बघत बसलीस व्हय? धर की त्याला!" आणि नानांनी पडद्यावर त्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं. नवा कोरा मॉनिटर होता माझा! त्यावर ठेच्याचं तेल. ठिपका अर्थातच बोटाखालून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून नाना रोज हजर. माउसनं ठिपका कसा धरायचा हे मी एकदा दाखवलं, ती माझी चूक. ते सुटा ठिपका धरून मधोमध आणून ठेवायचे, बोट उचललं की तो पुन्हा निघाला. "सोडला की जायलाय गं ह्यो."

"नाना, असं धरून उपयोग नाही. त्याला बाण लागतो."

"बाणच लागतो व्हय?"

आणि नाना स्वतः बाण आणायला निघाले. रोज मला विचारायचं, आज कोण कोण सुटलंय? मी नावं सांगायची, ते वैतागायचे, "नाव नको, गाव सांग." मग जेवण अर्धं टाकून त्या माणसाला गाठायचं, त्याची कुणाशी तरी ओळख करून द्यायची आणि नाव घेऊन परत यायचं. चितेगाव आणि धाकटं पैठण यांचं कँटीनमधल्या पंख्यावरून वाजलं होतं, दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि दोघंही सुटे. नानांनी एकाला गाठून सांगितलं, "त्यानं तुझं नाव दिलंय बरं का." मग दुसऱ्याला गाठलं, "त्यानं तुझं नाव दिलंय." दोन्ही थापा. दोघांनाही लाज वाटली आणि दोघांनी एकमेकांची नावं दिली. बोलत ते अजूनही नाहीत. पण एकाला काही झालं तर दुसऱ्यानं धावायचं हे आता कंपनीच्या दप्तरी नोंदलेलं आहे.

बाणावर बाण आलेला नानांना खपायचा नाही. "गुंता झालाय बग. जरा इंचर की." मी म्हणायचे, नाना, हा प्रोग्राम आहे, पोरीचे केस नव्हेत. ते म्हणायचे, "प्रोग्राम असू दे, चार माणसांत दाखवायचाय ना?" मग मी शेपटासारखे लांब बाण जरा वळवून काढायची सोय केली. खोटं कशाला बोलू, पान छान दिसायला लागलं.

एकच गोष्ट खटकत होती, आणि ती पानाच्या बरोब्बर मधोमध होती.

ज्याच्याकडं जास्त बाण येतात, त्याचा ठिपका मोठा दिसतो. नानांचा ठिपका भाकरीएवढा झाला होता. अर्ध्या कंपनीनं त्यांचं नाव दिलं होतं, चहूबाजूंनी बाण येऊन घुसत होते. आणि ज्यानं स्वतः कुणाचं नाव दिलं नाही त्याचा ठिपका लाल. बाकी सगळं पान हिरवं झालं, ही मधली भाकरी मात्र लालभडक.

"मला लाल दिलास? बरं केलंस," नाना खूश झाले. "लालला मान आसतो."

"मान कसला, नाना? लाल म्हणजे तुमचं नाव भरायचं राहिलंय."

"भरू की. जातंय कुठं?"

आता मीही नानांचं नाव दिलं नव्हतं, हे सांगायला पाहिजे. मी इरफानचं दिलं होतं. उद्या मला काही झालं आणि नानांना फोन गेला, तर ते ॲम्ब्युलन्सवाल्याला आधी "गाव?" विचारतील, त्याची माझ्या चुलत्याशी ओळख काढतील, मग गाडी हलेल. तोवर माझं काय होईल? माझा बाण इरफानकडं गेल्यामुळं आम्ही दोघं पानाच्या उजव्या कडेला होतो. नानांनी ते बघितलं होतं. "सोयगाव शहागंजला जोडलं. बरं झालं. पोरगं गाडी जोरात हाणतंय, लवकर पोचंल," एवढंच म्हणाले.

दिवस जात होते आणि भाकरी लालच. मग पाटणकर साहेबांनी तारीख जाहीर केली. त्या दिवशी मुख्य कचेरीसमोर हे पान दाखवायचं. त्या दिवशी जो लाल दिसेल त्याला एकट्याच्या जागी काम करू देणार नाही. एकट्याच्या जागी काम करणारे मोजकेच, आणि त्यांत लाल एकटे नाना. त्यांना दुसरीकडं कुठं हलवायचं, तर निवृत्ती तोंडावर आलेली. साहेब माणूस वाईट नाहीत. ते आमच्या खोलीत येऊन नानांना गोडीनंच म्हणाले, "नाना, नाव नसेल द्यायचं तर राहू द्या. निवृत्तीपर्यंत घरी बसा निवांत. पगार चालू राहील, ते मी बघतो."

दुसरा कोणी असता तर त्यानं साहेबांना पेढा दिला असता. नानांचा चेहरा पडला. "घरी?" ते म्हणाले. "घरी काय करू साहेब?"

"आराम करा."

"आन् बस?"

साहेबांना वाटलं नाना येण्याजाण्याचं विचारतायत. "आता बसची दगदगच नाही," ते म्हणाले आणि गेले. नाना कितीतरी वेळ चार्ज झालेल्या फोनची वायर गुंडाळत उभे राहिले.

त्या दिवसापासून सगळी बस त्यांच्या मागं लागली. इरफान म्हणाला, "नाना, मेरा नाम डाल दो, बात खतम."

"तुझ्यावर आधीच तिघं हायत. आन् घरी लेकरू ल्हान."

थोरलं पैठण म्हणाला, माझं टाका. "तुझ्या आईचं डायलेसिस चालू हाय. तुला आणखी माझी फिकीर कशाला?" चितेगाव म्हणाला, मग माझं. "तू लांबून येतूस बाबा." याला हे, त्याला ते. बसमधल्या प्रत्येकाच्या डोक्यावर काय ओझं आहे हे नानांना पाठ होतं, आणि त्यामुळं त्यांना नाव द्यायला एकही माणूस मोकळा सापडत नव्हता. माझ्याकडं बघून ते काहीच म्हणाले नाहीत. मीही माझं नाव घ्या असं म्हटलं नाही. मी त्यांचं दिलं नव्हतं, कोणत्या तोंडानं म्हणणार?

पान दाखवायच्या आदल्या दिवशी परत येताना माझा तोल गेला. बस चिकलठाण्याच्या सिग्नलला उभी होती. मी उठून पुढं गेले.

"नाना, उद्या दाखवायचंय. नाव दिलंत?"

"देऊ की."

"देऊ की, देऊ की! कधी देणार? घरी बसवल्यावर? एवढी माणसं जोडलीत, त्यांतलं एक नाव लिहिता येत नाही तुम्हाला?"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नाव लिवायचं म्हंजी त्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा, माय. माझा फोन दिसला की त्याच्या काळजात धस्स व्हणार. कुणाला लावू म्या आसा घोर?"

"आणि अर्ध्या कंपनीनं तुम्हाला लावलाय तो?"

"ते येगळं. मला दुसरं काम काय हाय?"

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी जास्तच ओरडते. "उद्या त्या गोदामात पडलात म्हणजे काय थिनरचे डबे फोन करणार आहेत का? नुसतं दुसऱ्यांना 'जोडून बसा, जोडून बसा'! स्वतःशेजारी पिशवी बसवायची आणि जगाला शहाणपण शिकवायचं!"

ड्रायव्हरनं हिरवा दिवा लागला तरी गाडी काढली नाही, मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव खाल्ला तेव्हा काढली. सिडकोला उतरताना नानांनी पिशवी उचलली आणि न बघता म्हणाले, "सोयगाव, तापट हायस लई."

दुसऱ्या दिवशी सभागृहात सगळे जमले. मुख्य कचेरीचे लोक व्हिडिओवर, पाटणकर साहेब पुढं, विभागांचे प्रमुख खुर्च्यांवर. नाना दारापाशी भिंतीला टेकून उभे. सकाळीच इरफाननं घाईघाईनं सांगितलं होतं की नावं भरायला कँटीनमध्ये ठेवलेल्या टॅबवर नाना काहीतरी टाइप करत होते, बराच वेळ, एका बोटानं. मला हायसं वाटलं होतं. मी ऐटीत बटण दाबलं.

पान कोरं.

पुन्हा दाबलं. कोरं. एक ठिपका नाही, एक बाण नाही, नुसता पांढरा पडदा. काल संध्याकाळपर्यंत सगळं चालत होतं हो! साहेब खाकरले. "मॅडम, काय झालंय?"

"बघते सर."

मी आतली चूक दाखवणारी खिडकी उघडली. तिथं बारीक अक्षरांत एकच तक्रार होती, की एका बाणाचं टोक सापडत नाही. चित्र काढणाऱ्या प्रोग्रामचा स्वभाव असा, की प्रत्येक बाणाला दोन्हीकडं ठिपका पाहिजे. एका जरी बाणाचं टोक लोंबकळत राहिलं, तरी तो रुसतो आणि बाकीचंही काही काढत नाही. खरं तर नाव यादीतून निवडायचं असतं. पण कुणाला यादीत सापडलं नाही तर हातानं लिहायची मुभा मीच ठेवली होती.

बाण निघाला होता दाभाडे नानांच्या ठिपक्यातून. आणि ज्याच्याकडं निघाला होता त्याचं नाव होतं, सोयगाव.

सोयगाव नावाचा माणूस आमच्या कंपनीत नाही. प्रोग्राम बिचारा सगळी यादी धुंडाळून हात वर करून बसला होता.

मी त्या अक्षरांकडं बघत राहिले. काल एवढ्या लोकांत मी या माणसाला नाही नाही ते बोलले होते. याचं नावसुद्धा मी दिलं नव्हतं. आणि यानं एवढ्या मोठ्या कंपनीतून शोधून शोधून मला शोधलं होतं. मागून इरफान माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "अरे, ये तो तू है," तो कुजबुजला.

"मॅडम?" साहेब पुन्हा म्हणाले.

"एक माणूस सापडत नव्हता, सर."

"कोण?"

"मी."

साहेबांना काय कळलं माहीत नाही. मी 'सोयगाव' पुसलं आणि तिथं 'स्वाती' लिहिलं. स्वतःचं नाव लिहिताना माझं दोनदा चुकलं. मग बटण दाबलं.

ठिपके आले. हलले, ढकलाढकली झाली. मधली भाकरी हिरवी झाली. तिच्यातून एक बाण निघाला आणि पार उजव्या कडेला गेला, जिथं मी होते. आणि मी हलले. माझा ठिपका त्या कडेवरून निघाला, वाटेतल्या सगळ्यांना बाजूला सारत मधोमध आला आणि नानांच्या शेजारी जाऊन थांबला. माझ्याशी जोडलेला म्हणून इरफानही मागं फरफटत आला. "मेरे कू कायकू खींच रहे?" तो म्हणाला. सभागृहात हशा पिकला. मुख्य कचेरीचे लोकसुद्धा म्हणाले, व्वा, हे असं सरकतं ते फार छान केलंय. त्यांना वाटलं मी मुद्दाम दाखवलं.

मी दाराकडं बघितलं. नाना शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते. साहेब त्यांना म्हणाले, "दाभाडे, गोदाम तुमचंच." नाना नुसतेच मान हलवून निघून गेले.

संध्याकाळी बसमध्ये चढले, नानांच्या शेजारची पिशवी उचलून माझ्या मांडीवर घेतली आणि तिथं बसले. कुणी जोडून बस म्हणायची वाट बघितली नाही. नाना समोर बघत होते.

"माझं नावच माहीत नव्हतं ना तुम्हाला?" मी विचारलं. "एवढं मोठं काम बंद पाडलंत माझं."

"माहीत हाय की. लग्नाची पत्रिका आली व्हती. स्वाती." त्यांनी ते नाव परक्या माणसाचं घ्यावं तसं घेतलं. "पर त्या नावाची पोरगी मला कुठं ठावं हाय? मला सोयगाव ठावं हाय."

"आणि सोयगावच कशी सापडली? सगळ्यांना घोर लागतो, मला नाही लागत?"

"तुला आधीच लागलाय," नाना म्हणाले. "काल बघितलं म्या. इतक्या लोकात इतकं वरडलीस. आसं माझ्यावर घरातलंच माणूस वरडायचं." मुकुंदवाडी गेल्यावर ते म्हणाले, "पिशवी दे इकडं, कालवणाचा डाग लागंल तुला."

मी पिशवी दिली नाही. फोन काढून त्यांचा नंबर घेतला. "तुमचं गाव कोणतं हो, नाना?" इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. ते चमकून माझ्याकडं बघायला लागले.

"आडूळ."

मी नंबर 'आडूळ' म्हणून ठेवला, आणि त्याच दिवशी माझा बाणही बदलला. इरफाननं तक्रार केली नाही. त्याच्यावर अजून दोघं होतेच.

त्यानंतर आलेल्या पहिल्या रविवारची गोष्ट. आमच्याकडं आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. आमच्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घरातली सगळी भांडी अंगणात, नवरा गच्चीवर, मी पिंपाशी, शेजारीण तिकडून ओरडतेय. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. पडद्यावर 'आडूळ'.

काळजात धस्स झालं. नाना म्हणाले होते अगदी तस्संच.

"नाना! काय झालं? कुठं आहात?"

"घरी हाय."

"चक्कर आली का? पडलात का? दार उघडं आहे ना? मी इरफानला गाडी घेऊन पाठवते, तुम्ही हलू नका."

"आगं नाय, नाय. बरा हाय म्या."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण म्हंजी…" नाना थांबले. त्यांच्या घरात कुठलाच आवाज नव्हता, भांड्याचा नाही, टीव्हीचा नाही. "आज बस नाय ना."

पिंप भरून वाहत होतं. पाण्याच्या दिवशी आमच्याकडं कुणी नळ बंद करत नाही. मी केला, आणि पायरीवर बसले.

"बोला, नाना," मी म्हटलं.